काय ऐकू येतं तेवढं लिहा

कोबेत रस्ता विचारला तर कुणी डावं-उजवं सांगत नाही. डोंगराकडे जा म्हणतात, नाहीतर समुद्राकडे. शहर तसं चिंचोळंच आहे. एका अंगाला दाट झाडीचा डोंगर, दुसऱ्या अंगाला बंदर आणि मधल्या उतारावर घरं. आमचं घर डोंगराच्या अंगाला होतं. नवरा मुंबईच्या एका ट्रेडिंग कंपनीत, त्याला इथे काही वर्षांसाठी पाठवलं होतं. पुण्यातली बँकेतली नोकरी सोडून मी त्याच्याबरोबर आले. लेक तेव्हा दुसरीत होती. तिला आम्ही उताराखालच्या जपानी शाळेत घातलं.

ते पहिलं वर्ष आठवलं की विहिरीच्या तळाशी बुडी मारल्यासारखं वाटतं. वर काठावर माणसं बोलत असतात, हसत असतात. त्यांचे आवाज खाली पोचतात, पण शब्द वाटेतच विरघळून जातात. सुपरमार्केटच्या काउंटरवरची मुलगी काहीतरी विचारायची, मी नुसती मान हलवायची, आणि नको असलेली पिशवी हातात घेऊन घरी यायची. दुपारी सगळी कामं उरकली की गॅलरीत बसायची. खाली बंदरातल्या क्रेन अगदी सावकाश हलत असायच्या, इतक्या सावकाश की त्या हलतात की माझेच डोळे जड झालेत, ते कळायचं नाही.

लेक मात्र काही महिन्यांतच त्या पाण्यातून वर आली. मी मराठीत विचारायची, ती जपानीत उत्तर द्यायची. बहुतेक वेळा उत्तर म्हणजे एवढंच, "उन्." म्हणजे हो, किंवा बरं, किंवा पुढे विचारू नकोस.

वॉर्ड ऑफिसच्या इमारतीत परदेशी लोकांसाठी जपानीचा वर्ग भरायचा. शिकवायला एक वयस्क बाई यायच्या. मी वर्गात काहीच बोलत नाही हे पाहून त्यांनी एकदा माझ्या फोनवर एक पान उघडून दिलं. "इथे लिहायला फार लागत नाही. तुम्हाला जमेल," म्हणाल्या.

त्या पानावर लोक आवाज ठेवत. जपानभर पसरलेली माणसं होती, पण खूप नव्हती. आपल्या आसपासचा मिनिटभराचा आवाज रेकॉर्ड करायचा आणि तिथे ठेवायचा. फोटो नाही, गाणी नाहीत, गप्पा नाहीत. खाली जागा लिहायची. बाकीच्यांनी ऐकायचं आणि काय ऐकू येतं तेवढं लिहायचं. छान, सुंदर, मस्त असं लिहिलेलं चालायचं नाही. असं कुणी लिहिलंच तर दुसरं कुणीतरी हळूच विचारायचं, "पण काय ऐकू आलं?"

आधी मी नुसती ऐकत राहिले. दुपारी गॅलरीत बसायचं, कानाला इयरफोन लावायचे आणि डोळे मिटायचे. क्योतोतल्या कुठल्याशा गल्लीत सायकल लावताना स्टँड खटकन पडायचा. कुठेतरी बांबूच्या बनात वारा शिरायचा आणि लांबवर जाऊन बाहेर पडायचा. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फ्रीज गुरगुरायचा आणि मध्येच दमून गप्प व्हायचा. त्या आवाजांना भाषा नव्हती, त्यामुळे ते सगळे मला समजत होते. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

मग धीर करून मी माझा एक आवाज ठेवला. जागा लिहिली, "कोबे, डोंगराकडे, स्वयंपाकघर." फोडणीचा आवाज होता.

संध्याकाळपर्यंत उत्तरं आली, ती मी फोनवर भाषांतर करून वाचली. एकाला पत्र्यावर पडणाऱ्या गारा ऐकू आल्या. एकाला वाळूवर पसरणारी लाट. उत्तरेकडच्या एका बर्फाळ गावातल्या बाईंनी लिहिलं, "तळ्याच्या काठचा पातळ बर्फ तडकतो आहे आणि मग कुणीतरी त्यात पाय टाकतं." मी तेलात मोहरी आणि नंतर कांदा टाकला होता. फोन हातात धरून मी कितीतरी वेळ हसत होते.

सगळ्यांत शेवटी कोबेतल्याच एका म्हाताऱ्या गृहस्थांचा प्रश्न आला. ते स्वतः नेहमी बंदरातले आवाज ठेवायचे. "हा आवाज तुमच्या भाषेत काय म्हणतो?"

मी लेकीला मदतीला बसवलं. तिने जपानी अक्षरांत 'तडतड' लिहायचा प्रयत्न केला. जपानीत 'ड' आपल्यासारखा नाही, त्यामुळे ते झालं 'तदातदा'. ती थांबली.

"आई, याचा अर्थ होतो इथे," ती म्हणाली. "तदातदा म्हणजे नुसतं. नुसतं नुसतं."

"चालेल," मी म्हटलं. "पाठव."

त्या रात्रीच्या जेवणापर्यंत लेक माझ्याशी सलग मराठीत बोलत होती, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

त्यानंतर मी आवाज शोधत हिंडू लागले. आमच्या उतारावरून एक दगडी काठांचा ओढा वाहतो. डोंगरातली रानडुकरं कधीकधी त्यातून खाली उतरतात आणि शाळकरी मुलं पुलावरून त्यांना बघत उभी राहतात. एका सकाळी एक मादी आणि मागे तिची पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं दिसली. मी घाईघाईने फोन काढला, काठाकाठाने त्यांच्याबरोबर चालत गेले आणि ते रेकॉर्डिंग मोठ्या अभिमानाने ठेवलं.

बर्फाच्या गावातल्या बाईंनी लिहिलं, "तुमचं जाकीट ऐकू येतं. नायलॉनचं असावं. धाप ऐकू येते. त्याच्या पलीकडे काहीतरी आहे, पण ते तुमच्यापासून लांब पळतंय."

मला ते लागलं. पुन्हा ऐकलं तर अगदी खरं होतं. मी फक्त त्यांनाच वेगळा निरोप पाठवून विचारलं की तुम्ही कसं करता. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये छपरावरून घसरणारा बर्फ, चिमणीच्या पंखांची फडफड, अगदी जवळचं, शेजारी बसून ऐकावं असं यायचं. त्यांचं उत्तर असं होतं, "मी जाऊन उभी राहते. आपण आलो की सगळं गप्प होतं. ते आपल्या येण्यामुळे गप्प झालेलं असतं. आपलं येणं संपेपर्यंत थांबायचं. मग फोन काढायचा."

त्या केशकर्तनाचं दुकान चालवतात हे मला नंतर कळलं. मनात मी त्यांना ताई म्हणू लागले.

त्यांचं ते वाक्य मला ओढ्यापेक्षा घरातच जास्त उपयोगी पडलं. लेक शाळेतून यायची तेव्हा मी दारातच चार प्रश्न घेऊन उभी असायची. आज काय झालं, काय शिकवलं, कुणाबरोबर खेळलीस. उत्तर, "उन्." एका दिवशीचं "उन्" मला वेगळं ऐकू आलं. नेहमीपेक्षा आखूड, आणि शेवटी किंचित खाली उतरलेलं. पूर्वी मी लगेच विचारलं असतं. त्या दिवशी मी तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसले आणि मटार सोलायला घेतले. तीही सोलू लागली. माझं येणं संपायला बराच वेळ लागला. निम्मे मटार झाल्यावर ती आपणहून बोलली. तिची जिवाची मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे दुसऱ्या गावी चालली होती. अर्धं जपानीत, अर्धं मराठीत सांगून झाल्यावर ती रडली. मी काही समजावलं नाही. त्या दिवशीची मटारची उसळ खारट झाली होती, पण तिघांनीही मुकाट्याने खाल्ली.

बंदरावरच्या गृहस्थांना लेक आजोबा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. ते मला जरा कडक वाटत. आवाज कुणाचाही असो, खाली त्यांचा प्रश्न असायचाच, "काय ऐकू येतं?" स्वतःच्या रेकॉर्डिंगखालीसुद्धा. मला वाटायचं, पूर्वी मास्तर असावेत, परीक्षा घेतल्याशिवाय चैन पडत नसेल.

एकदा त्यांनी धक्क्यावरचा आवाज ठेवला. लाटा होत्या, लांब कुठेतरी इंजिन होतं. लेक माझ्याशेजारी बसून ऐकत होती. मध्येच ती म्हणाली, "कुणीतरी त्यांना बाजूला व्हा म्हणतंय."

मी नीट ऐकलं. एक बाई माफ करा, माफ करा म्हणत होती. मग सायकलची घंटा. पुन्हा घंटा. मग तीच बाई, अगदी जवळून, "आजोबा, जरा सरकता का?" पावलांचा आवाज मात्र नव्हता. ते तसेच उभे होते. रेकॉर्डिंगखाली त्यांनी लिहिलं होतं, "धक्का, सकाळ. काय ऐकू येतं?"

"आई," लेक म्हणाली, "आजोबांना ऐकूच येत नाहीये."

मी ताईंना विचारलं. त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "हो. फार थोडं येतं. सुरुवातीच्या लोकांना त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. म्हणून तर आपण काय ऐकू येतं ते लिहितो. नव्या माणसांना कुणी सांगत नाही. सांगितलं की ती गोड गोड लिहायला लागतात, आणि ते त्यांच्या काही कामाचं नाही."

मी मागचं सगळं उघडून वाचत बसले. लाटा सुंदर वाटल्या असं मी एकदा लिहिलं होतं. त्याखाली त्यांचा प्रश्न होता आणि मी उत्तर दिलं नव्हतं. मग मी ती लाट पुन्हा ऐकली आणि लिहिलं, "मोठी लाट येऊन आपटत नाही. धक्क्याखालच्या पोकळीत शिरते, आत एकदा उसासा टाकते आणि परत जाताना बारीक खडे ओढून नेते." अर्ध्या तासात त्यांचं उत्तर आलं, "खडे. मी विसरलो होतो. आभारी आहे."

त्यानंतरच्या वसंतात ताई ओसाकाला बहिणीकडे येणार होत्या. आजोबांनी लिहिलं, या सगळ्या, बंदरावर भेटू. सगळ्या म्हणजे ताई, मी आणि लेक. रविवारी दुपारी आम्ही समुद्राकडे उतरत गेलो. चेरीची फुलं गळून रस्त्याच्या कडेला साठली होती, आणि ऊन असं होतं की लांबची माणसं पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखी हलताना दिसत होती.

आजोबा ठेंगणे होते, डोक्यावर लोकरीची टोपी. ताई मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप उंच निघाल्या. आम्ही एकमेकींना वाकून नमस्कार केला. एवढे दिवस एकमेकींच्या घरातला फ्रीज ऐकला होता, पण आवाज ऐकला नव्हता.

आजोबांच्या हातात फोन होता. आपण बोललेलं त्यावर अक्षरांत उमटायचं आणि ते वाचायचे. त्यांचा स्वतःचा आवाज मोठा होता, वाऱ्यात बोलायची सवय असल्यासारखा.

"मी टगबोटीवर होतो," ते म्हणाले. मोठ्या जहाजांना धक्क्याला आणून लावणारी छोटी बोट लेकीला त्यांनी बोटाने दाखवली. "इंजिनाजवळ. सगळी नोकरी एकच आवाज ऐकला. रिटायर झाल्यावर ठरवलं, आता बाकीचे ऐकायचे. तर कानांनी आधीच रिटायरमेंट घेतलेली."

ताई हसल्या. मला हसावं की नाही कळेना. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हसा. हे हसायचंच होतं."

धक्क्याच्या कडेला छोट्या बोटी बांधल्या होत्या. त्यांच्यापाशी ते थांबले आणि लेकीला विचारलं, "काय ऐकू येतं?"

लेक कठड्याला टेकून ऐकू लागली. मग जपानीत म्हणाली, "पाणी दोन बोटींच्या मध्ये जातं आणि तिथे अडकतं. आणि मग..." ती थांबली आणि माझ्याकडे वळली. "आई, बाटलीत थोडंसं पाणी घालून हलवलं की कसं होतं, त्याला काय म्हणतात?"

"खुळखुळ."

"हां. खुळखुळ." ती आजोबांकडे तोंड करून म्हणाली, सावकाश, ओठ दिसतील अशी.

फोनने काहीतरी भलतंच लिहिलं. आजोबांनी फोन खिशात ठेवला आणि तिच्या ओठांकडे बघत म्हणाले, "कुरुकुरु?"

"नाही. खुळ. खुळ."

"कुरु."

"जीभ वर न्यायची. अशी." तिने तोंड उघडून दाखवलं. तिला स्वतःला 'ळ' नीट येत नसे. घरी मी सांगून थकले होते. त्या दिवशी धक्क्यावर उभी राहून ती एका म्हाताऱ्या जपानी माणसाला तो शिकवत होती, आणि शिकवता शिकवता तिचाच स्वच्छ होत गेला. आजोबांना शेवटपर्यंत जमला नाही. पण ते कंटाळले नाहीत आणि तीही कंटाळली नाही.

ताई आणि मी बाकावर बसलो होतो. मी त्यांना माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत म्हटलं, "तुमच्यासारखं थांबायला मला अजून जमत नाही."

"थांबायचं असं मी लिहिलं खरं, पण मी थांबत नाही," ताई म्हणाल्या. "थांबलं की कशाची तरी वाट बघितल्यासारखं होतं. दुकानात दिवसभर माणसं बोलतात. कात्री चालू असते आणि माझं हो, हो चालू असतं. बर्फ पडायला लागला की गाव हळूहळू गप्प होतं. मी बाहेर जाऊन उभी राहते, इतकंच. तुम्ही आलात ना इथे? मग झालं."

तेवढ्यात फेरीबोट सुटायची वेळ झाली. भोंगा वाजला, लांब आणि खोल. कबुतरं उडाली. आजोबांनी लोखंडी कठड्यावर दोन्ही तळवे सपाट ठेवले होते, डोळे मिटले होते. भोंगा थांबल्यावरही त्यांनी हात उचलले नाहीत.

"हा अजून पोचतो," ते म्हणाले.

लेकीने त्यांच्याशेजारी कठड्यावर हात ठेवले. मग ताईंनी ठेवले, मग मी. दुसऱ्या भोंग्याला लोखंड आतून शहारलं आणि ते थेट कोपरापर्यंत आलं. समोर फेरी धक्क्यापासून सुटत होती आणि मला वाटत होतं की ती जागच्या जागी आहे, आम्हीच मागे मागे जातोय.

पुढच्या वर्षी नवऱ्याची टोकियोला बदली झाली. आम्ही तिथल्या फुनाबोरी भागात राहायला आलो, जिथे भारतीय कुटुंबं बरीच आहेत. इथे डोंगर नाही, समुद्र दिसत नाही. पण बागेत गेलं की मराठी, हिंदी, तमिळ सगळं कानावर पडतं. पहिले काही दिवस मी बाकावर बसून नुसती ते शब्द पीत होते. कुणाची मावशी येणार, कुणाला कुठला तांदूळ मिळाला, कुणाच्या मुलाला पोहायला घातलं. विहिरीतून वर काठावर आले होते.

महिनाभराने आजोबांनी विचारलं, "फुनाबोरीत काय ऐकू येतं?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इथे येऊन मी एकही आवाज ठेवलेला नाही. शब्द कळायला लागले तसं माझं ऐकणं सुटलं होतं. शेजारच्या बाई रोज भेटायच्या, काय बोलल्या ते सगळं मला पाठ होतं. पण त्यांचा आवाज कसा आहे हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्या लिफ्टपाशी भेटल्या तेव्हा मी जरा गप्प राहिले. त्या हसत हसत बोलत होत्या आणि प्रत्येक वाक्याच्या टोकाशी आवाज थकून खाली बसत होता. मी म्हटलं, "वर चला, चहा टाकते." त्या आल्या आणि संध्याकाळ होईपर्यंत बसल्या. आईशी फोनवर बोलतानाही मी आता कधीकधी मध्ये थांबते. मग तिच्या मागे पारवे घुमताना ऐकू येतात. आईला वाटतं फोन कट झाला.

आजोबा गेल्या हिवाळ्यात क्योतोला मुलीकडे राहायला गेले. आता त्यांना काहीच ऐकू येत नाही, असं त्यांनीच लिहिलं. बंदराचे आवाज बंद झाले आणि नदीकाठचे सुरू झाले. सायकली, बदकं, दगडांवरून उड्या मारत नदी ओलांडणारी माणसं.

परवा त्यांनी ठेवलेल्या आवाजात आणखी काहीतरी होतं. पाण्याच्या आवाजाखाली, जवळच, कुणीतरी गुणगुणत होतं. सूर कधी लागत होता, कधी सुटत होता. ते स्वतःच होते. आपण गुणगुणतो आहोत हे त्यांना माहीत नव्हतं.

दिवसभर त्याखाली कुणीच काही लिहिलं नाही. ताईंनी मला विचारलं, "काय करायचं?" लेक आता सातवीत आहे. तिने माझ्या खांद्यावरून ऐकलं आणि म्हणाली, "करायचं काय त्यात? लिही ना."

मी लिहिलं, "उथळ पाणी. दोन बदकं, एक रागावलेलं. आणि एक माणूस गुणगुणतो आहे. म्हातारा असावा. मजेत आहे."

त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. मी कपडे वाळत घालत होते. खाली पार्कमध्ये कुणाची तरी मुलं झोपाळ्यावर होती आणि झोपाळ्याची कडी एका ठरावीक ठिकाणी आली की करकरत होती. ओला टॉवेल खांद्यावर टाकून मी फोन उघडला.

"माझी बायको म्हणायची की मी इंजिनाजवळ गुणगुणतो. मी कधी मानलं नाही," त्यांनी लिहिलं होतं. "सुरात आहे का?"

मी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, डोळे मिटले आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग लिहिलं, "नाही."

लगेच ताईंचं खाली आलं, "पण बदकांना चाललं."